झॉम्बी हिरवा का आणि केळं पिवळं का?

ऑक्टोबर संपत आला की हल्ली अमळनेर-चाळीसगावकडच्या बालवाड्यांतही हॅलोविनचे कागद वाटले जातात. झेरॉक्सवर छापलेला भोपळा, एखादं वटवाघूळ आणि दोनच दात दाखवून हसणारा गुबगुबीत झॉम्बी. एक डोळा मोठा, एक बारीक, शर्टाला ठिगळ, हात पुढे केलेले. पोरं खडूंचा डबा उघडतात आणि कुणी न सांगता हिरवा खडू उचलतात. असा एक रंगवलेला कागद बघून शेजारच्या आजींनी विचारलं, "भूत कधी हिरवं ऱ्हास का?" (असतं का?)

प्रश्न रास्त आहे. आपल्या गोष्टींतली भुतं पांढऱ्या लुगड्यात फिरतात. झॉम्बी ज्या हैती देशातल्या लोककथांतून जगभर गेला, तिथेही तो हिरवा नव्हता. तिथला झॉम्बी म्हणजे मेल्यावरही ज्याला दुसऱ्यासाठी राबवलं जातं असा माणूस, उसाच्या मळ्यांतल्या गुलामगिरीची ती सावली आहे. हिरवा रंग त्याला पुढे चित्रं आणि सिनेमावाल्यांनी चढवला. 'हे परदेशी खूळ आपल्याकडे कशाला' या वादात मला पडायचं नाही. चार वर्षांच्या पोराला गोल आणि ठिगळं मिळाली की पुरे, ती भोपळ्यातली आहेत की पोळ्याच्या बैलावरची, त्याला काय. मला रस आहे तो हिरव्यात.

याचं ठरलेलं उत्तर असं, की मेलेलं शरीर हिरवं पडतं म्हणून झॉम्बी हिरवा. हे खरंच आहे. मृत्यूनंतर आतड्यातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करत राहतात. तो हिमोग्लोबिनला चिकटला की सल्फहिमोग्लोबिन नावाचं हिरवट द्रव्य बनतं. म्हणून पहिला हिरवा डाग बहुधा पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, कारण मोठ्या आतड्याची सुरुवात तिथे कातडीच्या अगदी जवळ असते. शवविच्छेदन करणारे डॉक्टर हा डाग बघून मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर उमटतो. पण हा हिरवा मुलांच्या कामाचा नाही. चालणाऱ्या, हसणाऱ्या झॉम्बीला शोभणारा हिरवा वेगळा आहे. तो जिवंत शरीरात तयार होतो आणि प्रत्येक मुलाने तो स्वतःच्या गुडघ्यावर पाहिलेला असतो.

सायकलवरून पडल्यावर मुका मार लागतो. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त कातडीखाली पसरतं. आधी लालसर, मग काळंनिळं, चार-सहा दिवसांनी हिरवट, मग पिवळट, आणि मग काहीच नाही. सांडलेल्या रक्ताची तिथल्या तिथे विल्हेवाट लावली जात असते, आणि प्रत्येक रंग म्हणजे त्या कामातला एकेक टप्पा.

हिमोग्लोबिनच्या पोटात हीम नावाचा रेणू असतो. पाच अणूंची चार छोटी कडी, प्रत्येकात चार कार्बन आणि एक नायट्रोजन, आणि कड्याला कडं जोडणारे एकेका कार्बनचे चार पूल. सगळं मिळून एक मोठं वलय होतं. त्याला पॉर्फिरिन म्हणतात. मधोमध चार नायट्रोजनांनी धरून ठेवलेला लोहाचा अणू. सांडलेल्या तांबड्या पेशी खायला भक्षक पेशी येतात आणि त्यांच्यातलं हीम ऑक्सिजनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, या वलयावर काम करतं. ते चारपैकी एकच ठरावीक पूल उडवतं. बांगडी एका जागी तडकावी तसं वलय उघडतं. उडालेला कार्बन बाहेर पडतो तो कार्बन मोनॉक्साइड होऊन. होय, बंद खोलीतल्या शेगडीने माणसं दगावतात तोच वायू. आपलं शरीर तो रोज थोडाथोडा बनवतं आणि श्वासावाटे सोडून देतं. लोह सुटतं, ते जपून पुन्हा वापरलं जातं. उरते ती उघडलेली पट्टी. तिचं नाव बिलिव्हर्डिन आणि तिचा रंग गडद हिरवा.

पुढे दुसरं विकर या पट्टीला दोन हायड्रोजन जोडतं. त्यातला एक नेमका मधल्या पुलावर जाऊन बसतो आणि हिरव्याचं पिवळं होतं. हे पिवळं म्हणजे बिलिरुबिन. दोन चिमुकले हायड्रोजन एवढा रंग कसा पालटतात, ही मला या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो.

रंग ही वजाबाकी आहे. पांढऱ्या उजेडातून रेणू जो भाग गिळतो तो वजा झाला की उरलेला आपल्याला दिसतो. या रेणूंत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि त्या साखळीतले इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचे न राहता साखळीभर पसरलेले असतात. पसरायला जागा जितकी जास्त, तितकं त्यांना वरच्या पायरीवर उडी मारायला कमी ऊर्जा पुरते. कमी ऊर्जेचा प्रकाश म्हणजे लाल बाजूचा. बिलिव्हर्डिनमध्ये ही साखळी चारही कड्यांतून सलग जाते, म्हणून ते लाल गिळतं. दुसऱ्या एका उडीसाठी ते जांभळ्या बाजूचाही प्रकाश गिळतं. दोन्ही टोकं गेली, मधला हिरवा उरला. आता मधल्या पुलावर हायड्रोजन बसला की त्या कार्बनचे सगळे हात गुंततात, दुहेरी बंध तिथे राहत नाही आणि साखळीचे दोन तुकडे पडतात. तुकडे आखूड, उडी महाग, त्यामुळे आता ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा प्रकाश गिळला जातो. निळा गेला की पिवळा दिसणारच. ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी एवढंच धरावं, की सलग साखळी हिरवी आणि तुटलेली पिवळी.

आपल्यात हे दुसरं विकर आहे, कोंबडीचं काम मात्र बरंचसं पहिल्या टप्प्यावरच थांबतं. कोंबडी साफ करताना काळजालगत हिरवीगार पिशवी दिसते. 'फुटू देऊ नका, रस्सा कडू होईल' म्हणत जी जपून काढतात, ती बिलिव्हर्डिनने भरलेली असते. न्यू गिनीमध्ये तर काही सरडेवजा प्राण्यांच्या रक्तातच हे द्रव्य इतकं साठतं की त्यांचं रक्त, स्नायू, हाडं, जीभ सगळं हिरवं. माणसाला जेवढं प्राणघातक ठरेल त्याहून कितीतरी जास्त बिलिव्हर्डिन बाळगून ते मजेत किडे खातात. झॉम्बीला खरा नातेवाईक शोधायचा असेल तर तो हा.

मार लागलेला नसतानाही हे काम चालूच असतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणजे रोज काही ग्रॅम हिमोग्लोबिन मोडीत निघतं. त्याचं बिलिरुबिन यकृतातून पित्तात आणि पित्तातून आतड्यात जातं. तिथले जीवाणू त्यावर काम करतात आणि विष्ठेला तपकिरी, लघवीला पिवळा रंग येतो. लघवी पिवळी करणाऱ्या त्या जीवाणूंच्या विकराची ओळख पटली ती थेट २०२४ साली. एवढी रोजची गोष्ट, आणि इतका उशीर.

यकृत बिघडलं की बिलिरुबिन साचतं, डोळे पिवळे होतात, तीच कावीळ. आणि इथे आपल्या भागातलं एक दुकान जोरात चालतं. 'उतरवणारा' रुग्णाच्या हाताला काहीतरी चोळतो, हात पाण्यात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं होतं. 'बघा, निघाली कावीळ!' चोळलेला असतो आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आणि पाणी असतं चुन्याच्या निवळीचं. ही दोन एकत्र आली की पिवळं होतंच. निरोगी माणसाचे हात धुवा, टेबलाचा पाय धुवा, 'कावीळ' निघेल. बिलिरुबिन पाण्यात नीट विरघळतही नाही, ते तळहातातून ओघळणार कुठून? काविळीवर घालायला देतात ती लांबत जाणारी माळ हीसुद्धा अशीच. ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याचे फास सैल होतात, माळ लांबते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने आपोआप बरी होते आणि श्रेय माळ घेऊन जाते. पण पित्ताचा खडा अडकला असेल किंवा हिपॅटायटिस बी असेल, तर माळेपायी गेलेले आठवडे महागात पडतात.

नवजात बाळाची कावीळ खरोखर उतरवतो तो निळा दिवा. १९५६ साली इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. एका बाळाच्या अंगावर पिवळा त्रिकोण राहिलेला त्यांनी डॉक्टरांना दाखवला. बाकीचं अंग फिकं झालं होतं, पण दुपट्याचा कोपरा जिथे होता तेवढीच जागा पिवळी राहिली होती. १९५८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. बिलिरुबिन निळा प्रकाश गिळतं हे वर आलंच आहे. गिळल्यावर त्याच्या घडीचा आकार बदलतो आणि ते सहज बाहेर टाकता येतं. म्हणून बाळ पिवळं दिसलं तर कोवळ्या उन्हाच्या भरवशावर न राहता दवाखान्यात न्यावं. दिव्याचा निळा मोजून मापून दिलेला असतो.

आता केळं. रावेर, यावल, सावदा पट्ट्यातून हिरवेगार घड उतरवले जातात, फण्या करून भरले जातात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सालीचा हिरवा म्हणजे हरितद्रव्य, आणि हरितद्रव्य म्हणजे हीमचा सख्खा चुलतभाऊ. तीच चार कडी, तेच मोठं वलय, फक्त मध्ये लोहाऐवजी मॅग्नेशियम. ते मोडायची रीतही जवळपास तीच. आधी मॅग्नेशियम काढायचं, मग ऑक्सिजन वापरून वलय एका पुलापाशी उघडायचं. फरक इतकाच, की रक्तात वलय मोडल्यावर रंग येतात आणि सालीत ते जातात. पिकताना पिवळा रंग 'येतो' हा आपला गैरसमज आहे. पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्यं सालीत आधीपासून असतात, वरचा हिरवा उतरला की ती दिसू लागतात. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८६६ च्या निबंधात मांडलेले हिरवे आणि पिवळे वाटाणेसुद्धा हेच. हिरव्या वाटाण्यात हरितद्रव्य मोडायला लावणारं जनुक बिघडलेलं असतं, हे २००७ मध्ये कळलं.

ही मोडतोड उष्णतेला घाबरते. आपल्या जी-नाईनसारख्या जातीचं केळं चोवीस अंशांच्या बरंच वर पिकवलं, तर गर मऊ आणि गोड होतो पण साल हिरवटच राहते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा घरात ठेवलेली केळी अशी वागतात आणि गिऱ्हाईक ती कच्ची समजून परत करतं. म्हणून रायपनिंग चेंबरमध्ये फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडून तापमान सोळा ते अठरा अंशांवर धरतात. कार्बाइडने पिकवण्यावर बंदी आहे, ती वेगळ्या कारणासाठी, त्यातल्या आर्सेनिकसारख्या विषारी भेसळीसाठी.

वलय उघडल्यावर हरितद्रव्याचे जे तुकडे होतात ते काही काळ अतिनील प्रकाशात निळे चमकतात. बहुतेक पानांत हे तुकडे चटकन पुढे मोडले जातात, केळ्याच्या सालीत ते टिकतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं, तोवर रोज केळी खाणाऱ्या जगाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तेव्हा रंगकाम करायचंच असेल तर झॉम्बीच्या गुडघ्यावर मध्ये जांभळा, भोवती हिरवा, कडेला पिवळा द्या, कारण मार कडेकडून विरतो. शेजारी पिकलेल्या केळ्याचं भूत काढून त्याला निळा द्या, आणि मग दिवे मालवून खरं केळं दाखवा. पिवळंधमक, नुकते ठिपके पडू लागलेलं घ्या, ठिपक्यांभोवती निळी कडी जास्त उठून दिसतात. अगदी काळं पडलेलं नको. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च चालतो, पण ३६५ नॅनोमीटरचा बघून घ्या. ३९५ चा स्वस्त मिळतो, मात्र त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की केळ्याचा निळा ओळखू येत नाही. टॉर्च मोठ्यांच्या हातात असावा आणि कुणाच्या डोळ्यांवर मारू नये.