नागपूरच्या उन्हात कसली आलीय ऋतूची उदासी?

“इथे ऊनच ऊन, नैराश्य बर्फाच्या देशात येतं,” हा समज अर्धाच खरा आहे. दरवर्षी ठराविक ऋतूत येणाऱ्या या नैराश्याचा (सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर) 1984 साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी वर्णिलेला हिवाळी प्रकार थंड, उत्तरेकडच्या देशांत जास्त दिसतो. त्यात झोप आणि भूक वाढते. उन्हाळी प्रकारात उलटं होतं: झोप उडते, जेवण जात नाही, चिडचिड होते. आपल्याकडे मे महिन्यात कूलरसमोर रात्रभर तळमळणाऱ्याला ‘ऊन लागलं’ म्हणत कैरीचं पन्हं पाजलं की विषय संपतो.

“मेंदूचा एमआरआय काढा, कळेल” हेही चूक. मेंदूतल्या जाळ्यांच्या जोडणीतले फरक संशोधनात गटाच्या सरासरीत दिसतात. एकट्याच्या स्कॅनवरून निदान होत नाही, पैसे मात्र जातात. निदान होतं ते विचारपूस करून: त्रास त्याच ऋतूत, सलग किमान 2 वर्षं झालाय का.

हिवाळी प्रकारावर उपाय म्हणजे 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा, सकाळी उठल्याउठल्या सुमारे 30 मिनिटं, डोळे उघडे पण नजर दिव्यावर नाही. घरातली ट्यूबलाइट जेमतेम काहीशे लक्स देते, तिने भागत नाही. बायपोलर आजार (कधी नैराश्य, तर कधी अतिउत्साहाचा उन्माद) असेल तर या दिव्याने उन्माद उसळू शकतो, म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.