पानांचा मुकुट, राजाचा मुकुट

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मुलांना बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या, करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय वाचून दाखवला आणि चित्र काढायला सांगितलं. शर्यतीत धावतात सगळे, बक्षीस एकालाच मिळतं, तर ते मिळेल असे धावा, हा तो भाग. सातवीतल्या एका मुलाने फार मेहनत घेतली होती. धावपट्टी, शेवटची फीत, घामाघूम झालेला पौल, आणि पौलाच्या डोक्यावर सोन्याचा, माणकं जडवलेला, टोकाटोकांचा मुकुट. पत्त्यातल्या राजाच्या डोक्यावर असतो अगदी तसा.

"हा घालून धावता येईल का रे?" मी विचारलं.

"सर, धावताना नाही, जिंकल्यावर घालतात."

उत्तर बिनचूक होतं, चित्र मात्र चुकलं होतं. पण त्यात पोराचा काही दोष नव्हता. आपल्या मराठी बायबलमध्ये पौलासाठी ठेवलेला 'नीतिमत्त्वाचा मुकुट' आहे, येशूच्या डोक्यावर 'काट्यांचा मुकुट' आहे आणि प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराच्या डोक्यावर 'पुष्कळ मुकुट' आहेत. (जुन्या प्रतीत 'मुगूट'.) शब्द एकच, म्हणून डोळ्यांसमोर वस्तूही एकच येते. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन वेगळे शब्द आहेत, स्तेफानोस आणि दिआदेमा. त्यांची सरमिसळ झाली की खेळावरून विश्वासाचा धडा द्यायला निघालेला माणूस भलताच धडा देऊन बसतो. मीही काही वर्षं तेच करत होतो.

स्तेफानोस म्हणजे गुंफलेलं कडं. पानांचं, फुलांचं, डहाळीचं. स्तेफन हे नाव यातूनच आलं. 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलच्या पुस्तकात दगडमार होऊन मेलेला पहिला रक्तसाक्षी तो हाच. गोव्यात राहून १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' देणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या आडनावातही हीच पानं आहेत.

ग्रीकांच्या चार मोठ्या क्रीडामहोत्सवांत बक्षीस म्हणून फक्त हे कडं मिळायचं. ऑलिंपियात रानऑलिव्हचं, डेल्फीत लॉरेलचं, नेमियात सेलरीचं. हो, तीच सेलरी, चायनीज सूपमध्ये तरंगते ती. चौथा महोत्सव इस्थमियाचा. तो करिंथ शहराच्या वेशीवरच म्हणा ना, दर दोन वर्षांनी भरायचा. तिथे कधी पाइनच्या डहाळीचं कडं असे, कधी सेलरीचं, आणि सेलरी असली तर ती सुकवलेली! नेमियात ताजी, इस्थमियात वाळलेली, असा फरक जुन्या टीकाकारांनी नोंदवून ठेवला आहे.

पौल इ.स. ५० च्या सुमारास करिंथला आला आणि दीड वर्ष राहिला. इ.स. ५१ च्या वसंतात इस्थमियाचे सामने झाले असावेत, म्हणजे तो तेव्हा शहरातच होता. पोटासाठी तो तंबू शिवायचा. सामन्यांना लोटणाऱ्या गर्दीला तंबू लागतच असणार, तेव्हा त्याची पालं त्या मैदानाभोवती उभी राहिली असतील असा तर्क अभ्यासक करतात. पुरावा नाही, पण तर्क मला आवडतो. त्याच गावच्या लोकांना तो पुढे पत्रात लिहितो की खेळाडू एवढं सगळं करतात ते नाशवंत मुकुटासाठी. 'नाशवंत' हा शब्द आपण प्रवचनी थाटात ऐकतो. करिंथच्या वाचकाला त्यात डोक्यावर ठेवतानाच वाळलेली पालेभाजी दिसली असेल, आणि तो थोडा हसलाही असेल.

नुसत्या पानांसाठी कोण एवढं मरेल, असं वाटेल. पण पानांमागे बरंच काही यायचं. सोलनच्या कायद्याप्रमाणे अथेन्स आपल्या ऑलिंपिक विजेत्याला ५०० ड्राख्मा देई, इस्थमियाच्या विजेत्याला १००. ऑलिंपिक विजेत्याला गावच्या खर्चाने आयुष्यभर जेवणही मिळे. तरी डोक्यावर चढायची ती पानंच. आपल्याकडे आखाड्यात जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, त्या फेट्याच्या कापडाची किंमत कोणी विचारत नाही, तसंच हे. खरं तर स्तेफानोसला मराठीत 'मानाचा फेटा' म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

आता दुसरा शब्द. दिआदेमा म्हणजेही सोन्याचा टोकदार मुकुट नव्हे, ही गंमत पुष्कळांना माहीत नसते. ती कापडाची पट्टी. कपाळावरून नेऊन मागे गाठ मारायची आणि दोन्ही टोकं मानेवर सोडायची. मुंडावळ्या डोळ्यांसमोर आणा आणि त्यांची टोकं गालांवर न सोडता मागे न्या, झालं. इराणी राजांकडून हे चिन्ह अलेक्झांडरने उचललं आणि त्याच्या मागून आलेल्या प्रत्येक ग्रीक राजाने ते बांधलं. आपल्या वायव्येला राज्य केलेल्या मिनँडरच्या, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या मिलिंद राजाच्या, चांदीच्या नाण्यांवर ही पट्टी आणि मागे लोंबणारी टोकं स्वच्छ दिसतात. ही पट्टी धावून मिळत नाही. ती बापाकडून येते, किंवा तलवारीने येते.

दोन्हींतला फरक त्या काळच्या माणसाला किती टोचायचा, हे एका प्रसंगावरून कळतं. ज्युलियस सीझर लॉरेलचं कडं खुशाल घालून फिरायचा. सिनेटने तसा मानच दिला होता, शिवाय टक्कल झाकलं जाई. रोमची त्याला हरकत नव्हती. पण इ.स.पू. ४४ च्या फेब्रुवारीत लुपरकालियाच्या सणाला मार्क अँटनीने भर चौकात त्याच्यापुढे दिआदेमा धरला, तेव्हा गर्दी कण्हली. सीझरने तो परत केला, तशी टाळ्या पडल्या. पुन्हा धरला, पुन्हा परत, पुन्हा टाळ्या. पानं चालत होती, पट्टी चालत नव्हती. महिन्याभराने त्याचा खून झाला, आणि तो राजा व्हायला निघालाय ही भीती त्यामागच्या कारणांत होती.

नव्या करारात दिआदेमा हा शब्द फक्त तीनदा येतो, तिन्ही वेळा प्रकटीकरणात. अजगराच्या सात डोक्यांवर सात, समुद्रातून वर आलेल्या श्वापदाच्या दहा शिंगांवर दहा, आणि शेवटी पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराच्या डोक्यावर पुष्कळ. म्हणजे सत्तेवर खोटा दावा सांगणारे दोघे, आणि खरा हक्कदार एक. पौलाच्या, याकोबाच्या किंवा पेत्राच्या वाचकांपैकी कोणालाही दिआदेमा देऊ केलेला नाही. त्यांना कबूल केलं आहे ते प्रत्येक ठिकाणी पानांचं कडं. पेत्राने तर त्याला 'न कोमेजणारं' असं विशेषण लावलं आहे. तो मूळ ग्रीक शब्द आणि आपल्या उपासाच्या राजगिऱ्याचं वनस्पतिशास्त्रीय नाव, अमरँथस, हे एकाच धातूचे.

एवढं सांगून झालं की कोणीतरी हात वर करतं, आणि करायलाच हवा. भेद इतका काटेकोर नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात राजाच्या सोन्याच्या मुकुटालाही स्तेफानोसच म्हटलं आहे. प्रकटीकरणातल्या, देवाच्या सिंहासनाभोवती बसलेल्या चोवीस वडीलजनांचे मुकुट सोन्याचे आहेत आणि तरी शब्द स्तेफानोस. काट्यांच्या मुकुटालाही तोच शब्द आहे. शिपायांना थट्टा करायची होती ती राजाची, पण हातांनी गुंफलं ते विजेत्याचं कडं. तेव्हा शब्द दिसला की अर्थ ठरला, असं करू नये. पण आजूबाजूला मैदान असेल, धावणं, ठोसे, पंच आणि नियम असतील, तर वाद उरत नाही. तिथे पानंच.

मग धड्यात काय बदलतं? माझ्या अनुभवाने सगळ्यात आधी बदलतो तो 'जिंकणे' या शब्दाचा वास. तरुण संघाच्या क्रीडादिनी होणारी भाषणं आठवा. 'ख्रिस्ती माणूस हा विजेता आहे, देवाने तुम्हाला राज्य करायला बोलावलं आहे, उठा, मुकुट घ्या!' पोरांच्या डोळ्यांपुढे सिंहासन येतं आणि इतर सगळे खाली. ही राजमुकुटाची भाषा. पौलाने मात्र त्या परिच्छेदात सिंहासनाचं नावही काढलेलं नाही. तो बोलतो ते सरावाबद्दल. स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण सगळ्या गोष्टींत स्वतःला आवरतो, असं तो म्हणतो. ऑलिंपियात खेळाडूंना देवापुढे शपथ घ्यावी लागे की आम्ही सलग दहा महिने रीतसर सराव केला आहे. सामना एका दिवसाचा, शपथ दहा महिन्यांची! पौलाचा भर त्या दहा महिन्यांवर आहे. त्यापुढे तो स्वतःबद्दल जे सांगतो त्याला मराठी बायबलमध्ये 'कुदलतो' असं दणकट क्रियापद आहे. ग्रीक शब्द मुष्टियोद्ध्यांचा, डोळ्याखाली ठोसा हाणण्याचा. फक्त ठोसा प्रतिस्पर्ध्याला नाही, स्वतःच्या शरीराला. ज्याला राजमुकुट दिसतो तो दुसऱ्याला खाली पाडायला बघतो, आणि इथे तर दुसरा कोणी रिंगणात नाहीच.

नियमांचंही तसंच. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला दुसऱ्या पत्रात लिहिलं आहे की नियमाप्रमाणे न लढणाऱ्याला मुकुट मिळत नाही. ऑलिंपियाच्या स्टेडियमकडे जाणाऱ्या वाटेवर झ्यूसचे कांस्याचे पुतळे रांगेने उभे होते, ते लबाडी करणाऱ्यांच्या दंडातून उभारलेले. चौथरे आजही तिथे आहेत. धावायला निघालेल्या प्रत्येकाला त्यांच्यावरून जावं लागे. राजाला असल्या वाटेवरून कोण नेणार? नियम करणारा तोच असतो.

आणि एक जागा, जिथे पौल खेळाची उपमा स्वतःच मोडतो. शर्यतीत बक्षीस एकालाच, हे त्याने करिंथकरांना सांगितलं. पण तीमथ्याला नीतिमत्त्वाच्या मुकुटाबद्दल लिहिताना तो लगेच जोडतो की केवळ मलाच नाही, तर प्रभूच्या येण्याची आवड धरणाऱ्या सर्वांना. अशी शर्यत इस्थमियात कोणी पाहिली नव्हती. त्याही पुढे जाऊन तो थेस्सलनीका आणि फिलिप्पै इथल्या मंडळ्यांना म्हणतो की तुम्हीच माझा मुकुट. तिथेही शब्द स्तेफानोस. म्हणजे ज्यांना त्याने धावायला शिकवलं, तीच त्याच्या डोक्यावरची पानं.

मग तारण? ते पळून मिळतं का? नाही. रोमकरांस पत्रात पौलच म्हणतो की हे धावणाऱ्यावर नाही, दया करणाऱ्या देवावर अवलंबून आहे. देवाचं लेकरू होणं म्हणजे वारसा. त्या अर्थी ते राजाच्या पट्टीच्या जवळचं आहे, बापाकडून येणारं. सराव मागणारा मुकुट म्हणजे तारणाची पावती नव्हे. हे नीट न सांगितल्यामुळे प्रार्थना चुकली, उपास मोडला की देवाने संघातून काढलं असं समजून रडणारी पोरं मी पाहिली आहेत. घरचं मूल संघाबाहेर बसलं तरी घराबाहेर जात नाही.

पौलाच्या त्या पानांची गोष्ट अलीकडच्या काळात कोणाच्या डोक्यावर शोधायची झाली, तर मला स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल आठवतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली, हे बहुतेकांना माहीत असतं. ४०० मीटर त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली. त्याच महिन्यात एडिनबरो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात कुलगुरूंनी त्याच्या डोक्यावर खरोखर रानऑलिव्हचं कडं ठेवलं. अगदी ऑलिंपियातल्यासारखं. पुढच्या वर्षी तो चीनला गेला, तिआनजिनला, जिथे त्याचा जन्म झाला होता. पळणं मागे पडलं, शिकवणं सुरू झालं.

दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांनी त्याला शांतुंग प्रांतातल्या वैशिएनच्या नजरकैदेच्या छावणीत ठेवलं. तिथे तो पोरांचे खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही. मग पोरांनी आपली आपण हॉकी खेळली, पंच नव्हता, मारामारी झाली. पुढच्या एका रविवारी पंच म्हणून लिडेल स्वतः मैदानात उभा राहिला. ज्या दिवसासाठी त्याने १०० मीटर सोडली, तोच दिवस. नियम त्याने स्वतःला लावला होता, पोरांना नाही.

१९४५ च्या फेब्रुवारीत, त्रेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीने तो छावणीतच गेला. त्याआधी काही आठवडे, ऐन थंडीत, छावणीतल्या एका अनवाणी मुलाला त्याने आपले धावण्याचे झिजलेले बूट दिले, आणि जपान्यांसाठी प्रार्थना करायला शिकवलं. युद्ध संपल्यावर तो मुलगा, स्टीफन मेटकाफ, मिशनरी होऊन जपानला गेला.