अक्कलदाढ: नाव कुठून आलं, दुखणं किती जुनं

नाशिकच्या कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर शिकायला राहिलेल्या मुलामुलींची मागची दाढ ठणकू लागली की घरून फोनवर ठरलेलं उत्तर येतं, ‘अक्कलदाढ येतेय, लवंग धर.’ तिसरी दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते आणि तिच्या नावात तेवढंच आहे: वय.

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नोंदवलं, की शेवटच्या दाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात; ऐंशीच्या घरातल्या बायकांनाही त्या आल्याचं तो सांगतो. ग्रीकांनी या दाढेला जाणतेपणाचं नाव दिलं. लॅटिन आणि अरबीतही तेच, आणि आपली ‘अक्कल’ मूळची अरबी, फारसीतून मराठीत रुळलेली.

सुश्रुताने मात्र दुखणं पाहिलं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अधिमांस’ हा रोग आहे: जबड्याच्या सगळ्यात मागच्या दाताशी मोठी सूज, तीव्र वेदना, तोंडातून लाळ. आजचे दंतवैद्य पेरिकोरोनायटिस म्हणतात तो बहुधा हाच. दाढ अर्धवट वर आली की हिरडीचा पडदा तिच्यावर राहतो, त्याखाली अन्न अडकतं, जंतू वाढतात, आणि मग तोंडसुद्धा नीट उघडत नाही. सुश्रुताचा उपाय असा: वाढलेलं मांस कापायचं आणि वेखंड, पाठा, सज्जीखार, यवक्षार यांसारख्या औषधांचं चूर्ण मधातून लावायचं. वरचा पडदा कापण्याची शस्त्रक्रिया आजही होते. मला हे वर्णन नावापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं, कारण नावामुळे दुखणं वाढत्या वयाचा भाग समजून अंगावर काढलं जातं.

नाशिकला या इतिहासाचं वेगळं अगत्य असावं. १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथल्या म्हसरूळचं; राज्यातली बहुतेक दंत आणि आयुर्वेद महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली शिकवतात.

दाढ अडकते ती जागा अपुरी पडल्यामुळे. मऊ, शिजवलेल्या अन्नामुळे जबड्याची वाढ कमी होत गेली, असं एक प्रमुख मत आहे. काहींना ही दाढ येतच नाही, आणि त्यात काळजीचं काही नाही.

पूर्वी त्रास नसतानाही अडकलेल्या दाढा सरसकट काढत. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २००० साली त्याविरुद्ध स्पष्ट सूचना दिली. पण सूज पुन्हा पुन्हा येत असेल किंवा शेजारची दाढ किडू लागली असेल, तर एक्स-रे काढून दंतवैद्याला दाखवावी. ताप आला, गिळताना त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी.