अकूस्टिक गिटारच्या पिकअपमधील अवांछित आवाज

तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणाऱ्या घटकाला पिकअप म्हणतात. या वाटेत सुरांखेरीज जे जे ऐकू येते त्या सगळ्याला वादक सरसकट ‘हम येतोय’ म्हणतात आणि निदान तिथेच चुकते. भणभण, खरखर, खडखड आणि शिटी यांची कारणे वेगवेगळी असतात. त्यामुळे गिटार उघडण्याआधी आवाज कसला आहे आणि काय केल्यावर तो बदलतो, हे ऐकून घ्यावे.

अकूस्टिक गिटारमध्ये बहुधा सॅडलखाली, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पांढऱ्या पट्टीखाली, पिझो (दाबाचे विजेत रूपांतर करणारी) पट्टी असते. काही गिटारमध्ये मधल्या गोल छिद्रात चुंबकीय पिकअप बसवतात. एकेरी कॉइलचा चुंबकीय पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र पकडतो, आणि गिटार फिरवली की त्याची भणभण कमीजास्त होते. अशा वेळी जागा बदलणे किंवा दुहेरी कॉइलचा पिकअप लावणे एवढाच इलाज असतो. पिझोवर चुंबकीय क्षेत्राचा असा परिणाम होत नाही, पण त्याचा अवरोध (इम्पिडन्स) फार मोठा असल्याने धातूच्या जाळीचे कवच नसलेल्या वायरमध्ये विद्युत क्षेत्राची घरघर सहज शिरते.

भारतात वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने भणभण 50 हर्ट्झवर आणि तिच्या पटींत ऐकू येते. पहिली चाचणी अशी: गिटारवरचा व्हॉल्यूम शून्य करावा. भणभण तशीच राहिली तर दोष पुढे, म्हणजे केबल, अ‍ॅम्प्लिफायर किंवा अर्थिंगमध्ये आहे. ती थांबली तर दोष पिकअप किंवा प्रीअ‍ॅम्पच्या (गिटारमध्येच बसवलेल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) बाजूला शोधावा. केबलचे मोकळे टोक हातात धरले की ते भणभणणारच. तेवढ्यावरून केबल फेकू नये. दुसरी चाचणी म्हणजे प्लगच्या धातूला बोट लावणे. आवाज एकदम घटला तर कवचाची जोडणी कुठेतरी तुटली आहे. मल्टिमीटरने जॅकच्या बाहेरच्या भागापासून पिकअपच्या वायरच्या जाळीपर्यंत सातत्य तपासावे. स्पीकरची केबल दिसायला सारखी असली तरी तिला कवच नसते, म्हणून ती गिटारला चालत नाही.

गिटार अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर या दोन्हींना जोडली असेल, तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे वळसा तयार होतो आणि भणभण येते. मिक्सरकडे जाणाऱ्या डीआय बॉक्सवरचे (गिटारचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीवरचे) ग्राउंड लिफ्ट बटण दाबले की हा वळसा तुटतो. आवाज थांबवण्यासाठी तीन पिनी प्लगची अर्थ पिन कापणे किंवा दोन पिनी अ‍ॅडाप्टर लावणे हा जिवावरचा खेळ आहे. मायकला ओठ किंवा गिटारच्या धातूला हात लागताच झिणझिण्या आल्या तर आधी वाजवणे थांबवावे. मांडवात दिव्यांचे डिमर त्याच वायरिंगवर असतील तर जास्त तीक्ष्ण किरकिर येते. तेव्हा ध्वनियंत्रणेसाठी वेगळी लाइन घ्यावी.

प्रीअ‍ॅम्प 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. व्होल्टेज साधारण 7 ते 7.5च्या खाली उतरले की जोरात मारलेला स्ट्रोक फाटतो. गिटारच्या बुडाशी, पट्टा अडकवायच्या पिनच्या जागी बसवलेला जॅक स्टिरिओ असतो. मोनो प्लग घातल्यावर त्याचा मधला संपर्क ग्राउंडला (प्लगच्या बाहेरच्या धातूला) जोडला जातो आणि बॅटरी सुरू होते. म्हणून केबल लावून ठेवली तर बॅटरी रिकामी होते, आणि स्टिरिओ केबल लावली तर प्रीअ‍ॅम्प मुळी जागाच होत नाही. प्लग हलवल्यावर खरखर झाली तर जॅकची पत्ती सैल झालेली असते किंवा तिच्यावर गंज चढलेला असतो. कोकणातल्या दमट हवेत हे लवकर होते. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा आणि जॅक धरून ठेवून नट आवळावा; जॅक आत फिरला तर वायर पिळून तुटते.

प्रीअ‍ॅम्प नसलेला पिझो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावणे ही फार आढळणारी चूक आहे. पिझोची धारिता (कपॅसिटन्स) 1 नॅनोफॅरड धरली, तर 10 किलोओहमच्या इनपुटमध्ये सुमारे 16 किलोहर्ट्झच्या खालचे सगळे घटत जाते. आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, मग गेन चढवला जातो आणि फुसफुस वाढते. इनपुट 10 मेगाओहमचा असेल तर हीच सीमा 16 हर्ट्झवर येते, आणि 82 हर्ट्झची सर्वांत जाड तार पूर्ण वाजते.

पोकळीतल्या हवेचे स्वतःचे अनुनादन बहुतेक गिटारमध्ये 100 हर्ट्झच्या आसपास असते. स्पीकर समोर असला की ते ‘हूऽऽ’ असे गुरगुरू लागते. छिद्रावर रबरी झाकण लावावे, स्पीकर बाजूला वळवावा, फेज बटण (संकेताची दिशा उलटवणारे) असेल तर उलटे करून पाहावे. मग नॉच फिल्टरने तेवढ्याच वारंवारता कापाव्यात. सगळा खर्ज काढून टाकला तर गिटारमध्ये काही उरत नाही.

लाकडावर टकटक केल्यावर आतून खडखड आली तर वायर वरच्या फळीला लागत असते किंवा बॅटरीची पिशवी सुटलेली असते. चिकट क्लिपने दोन्ही बांधून घ्यावीत. एखादीच तार दबकी वाजत असेल तर सॅडलचा तळ सपाट नाही किंवा पिझो पट्टीखाली भुसा अडकला आहे. सॅडल खाचेत बोटाच्या दाबाने बसले आणि निघाले पाहिजे. काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तळ थोडा थोडा घासावा. सॅडल 0.5 मिमी उतरले की बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार साधारण 0.25 मिमी खाली येते. त्यानंतर तार फ्रेटला लागून झणझणू लागली तर तो पिकअपचा दोष नव्हे.