मेंदूची इजा व पुनर्वसन (कोकण किनारपट्टी)

डोक्याला बसलेल्या आघाताने मेंदूच्या कार्यात येणारा तात्पुरता वा कायमचा बिघाड आणि त्यानंतर रुग्णाला व कुटुंबाला लागणारी दीर्घकाळची साथ, हा या नोंदीचा विषय. पक्षाघात, मेंदूज्वर किंवा बुडताना प्राणवायू कमी पडल्याने होणारी इजा व्यापक अर्थाने याच सदरात येते. येथे मुख्यतः आघातजन्य इजेचा विचार केला आहे. इजेची तीव्रता ग्लासगो मूर्च्छा मापकावर मोजतात (टीझडेल व जेनेट, १९७४). डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ व कमीत कमी ३ गुण असतात. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ व त्याखाली तीव्र. हा आकडा पहिल्या तासांतला धोका सांगतो. सहा महिन्यांनी माणूस दुकानाचा हिशेब करू शकेल की नाही, हे त्यावरून नीट कळत नाही. त्यासाठी आघातोत्तर विस्मृतीचा काळ अधिक उपयोगी ठरतो. तो एक दिवसाहून जास्त असेल तर इजा तीव्र, आठवड्याहून जास्त असेल तर अतितीव्र समजतात. हा काळ नातेवाइकांनाही मोजता येतो: सकाळी काय खाल्ले, काल कोण भेटायला आले होते, हे रोज विचारावे आणि सलग आठवण लागू लागली ती तारीख लिहून ठेवावी. मधली एखादी तुटक आठवण धरायची नाही.

कारणे. राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा १७) आणि घाटरस्त्यांवरचे दुचाकी अपघात सर्वपरिचित आहेत. किनारपट्टीवर त्यांच्या जोडीला उंचीवरून पडणे येते. माड चढणारे पाडेली, एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेऊन जाणारे सुपारी काढणारे, मार्च ते मे या काळात घळ (आंबे काढायची जाळी लावलेली काठी) घेऊन हापूसच्या फांद्यांवर उभे राहणारे गडी आणि पावसाआधी कौले चाळायला छपरावर चढणारी माणसे यांत येतात. जुने वासे वरून धड दिसतात, पण आतून वाळवीने पोकळ झालेले असतात. पाय देताच मोडतात. चिरेखाणीतील पडझड, मच्छीमार नौकेवर ताणलेला दोर तुटून किंवा विंचजवळ (दोर ओढण्याच्या यंत्राजवळ) बसणारा फटका आणि डोक्यावर पडणारा नारळ ही आणखी कारणे. नारळ विकास मंडळाची पाडेलींसाठी ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजना आहे.

स्वरूपाविषयीचा वाद. सौम्य इजेनंतर महिनोन्‌महिने राहणारी डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा, चिडचिड ही मेंदूतील बदलामुळे की मनाच्या अवस्थेमुळे, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याची सुरुवात बहुधा इंग्लंडमधील रेल्वे अपघातांपासून धरावी लागेल. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदांनी १८६६ मध्ये अशा प्रवाशांची लक्षणे मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्याची आहेत असे मांडले. हर्बर्ट पेज यांनी १८८३ च्या सुमारास भीती व मानसिक धक्का यांवर भर दिला. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते, हे त्यांचे मत तोलताना ध्यानात ठेवणे इष्ट. पुढे १९६१ मध्ये न्यूकॅसलचे हेन्री मिलर यांनी ही लक्षणे नुकसानभरपाईच्या दाव्याशी जोडली. दावा मिटला की रुग्ण बरे होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या पाठपुराव्यांत मात्र दावा मिटल्यावरही अनेकांची लक्षणे टिकून राहिल्याचे आढळले.

दुसऱ्या बाजूचा पुरावा हळूहळू साचत गेला. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून सरळ धक्क्यापेक्षा डोके गर्रकन फिरण्याने मेंदूत अधिक ताण पडतो असे मांडले. सबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये तीव्र इजेनंतर मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूतील श्वेतद्रव्याचा, म्हणजे मज्जातंतूंनी बनलेल्या भागाचा, पसरलेला ऱ्हास दाखवला. गेनारेली व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये, डोक्यावर थेट प्रहार न होताही, केवळ वेगवान कोनीय गतीने तंतूंची अशी हानी होते हे वानरवर्गीय प्राण्यांत सिद्ध केले. त्यानंतरच्या सूक्ष्मदर्शी अभ्यासांतून बहुतेक तंतू त्या क्षणी तुटत नाहीत, पुढच्या काही तासांत सुजून मग विलग होतात, असे दिसले. हा पुरावा बराचसा तीव्र इजेतला आहे. सौम्य इजेला तो तसाच लावावा का, ही शंका रास्त आहे. सध्या मध्यममार्गी मत जास्त ग्राह्य वाटते: पहिल्या आठवड्यांतील लक्षणांचे मूळ मेंदूत असते आणि ती लांबण्यात झोपमोड, वेदना, चिंता व पैशाची ओढाताण यांचाही वाटा असतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि अस्थिभंग दिसतात, तंतूंची हानी पुष्कळदा दिसत नाही. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढ्यावरून रुग्ण सोंग करतो असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. कुटुंबाच्या दृष्टीने या साऱ्या वादातून हाती ठेवण्याजोगी गोष्ट हीच.

पहिले तास. मेंदूला दुसरा घाव बसतो तो प्राणवायू आणि रक्तदाब घसरल्याने. त्यामुळे श्वासमार्ग मोकळा ठेवणे, बाहेर होणारा रक्तस्राव दाबून धरणे, मान न वळवणे आणि १०८ ला कळवणे एवढेच रस्त्यावर करावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. उलटी होत असल्यास डोके, मान व धड एका रेषेत ठेवून सर्वांनी मिळून कुशीवर वळवावे. झटके आल्यास कांदा वा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि किती मिनिटे चालले ते पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला पुष्कळदा घाट चढून कोल्हापूरला, दक्षिण सिंधुदुर्गातून गोव्यातील बांबोळीला, रायगडातून मुंबईकडे न्यावे लागते. अशा वेळी वाटेतल्या रुग्णालयात श्वास आणि रक्तदाब स्थिर करून मगच पुढे निघणे हिताचे. घरी सोडलेल्या रुग्णावर किमान २४ तास कोणाचे तरी लक्ष हवे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, डोळ्यांच्या लहानमोठ्या बाहुल्या, एका बाजूची अशक्तता, झटका, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसल्यास लगेच परत न्यावे. काही तास शुद्धीत, बोलता-चालता राहून नंतर अचानक खालावणारा रुग्ण कवटी व बाह्यावरण यांमधील रक्तस्रावाचा असू शकतो. तेथे मिनिटे मोलाची असतात.

वृद्धांमध्ये याच्या उलट घडते. न्हाणीघरात किंवा शेवाळलेल्या पायरीवर घसरून लागलेला किरकोळ मार विसरला जातो आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, चाल बिघडते, बोलणे तुटक होते, दिवसा झोप वाढते. मुले मुंबईत आणि म्हातारा-म्हातारी गावी, अशा घरांत हे वार्धक्य म्हणून सोडून दिले जाते. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनाच फरक जाणवतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शंका आणखी बळकट. कवटीला लहान छिद्र पाडून साकळलेले रक्त काढले की असे रुग्ण बरेचदा पूर्ववत होतात, म्हणून वेळीच स्कॅन करण्याचा आग्रह धरावा.

घरची शुश्रूषा. तीव्र इजेनंतर गिळण्याचे स्नायू मंदावतात आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. येथे किनाऱ्यावरचा नेहमीचा आहारच अडचण करतो. पेजेवरचे पातळ पाणी आणि सोलकढी झटकन घशात उतरतात, तर आमटीभातात दाणा व पातळ रस एकत्र आल्याने जिभेला दोन्ही सांभाळता येत नाहीत. पेज घोटून, चमच्यावरून सावकाश घसरेल इतकी दाट करावी. मासा काटे काढून कुस्करून त्याच दाटपणात मिसळावा. रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चहाच्या चमच्याने भरवावे. आधीचा घास उतरल्याशिवाय पुढचा देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवावे. जेवताना खोकला किंवा आवाज ओलसर होणे ही थांबण्याची खूण. मात्र काही रुग्णांत अन्न खोकल्याविनाच चुकीच्या वाटेने जाते. म्हणून वारंवार ताप येत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. पावसाळ्यात चादरी दमट राहतात आणि माकडहाड व टाचांवरची कातडी लवकर सोलवटते.

वरून दिसणारी जखम भरली की घरचे निर्धास्त होतात, आणि खरी ओढाताण तेव्हाच सुरू होते. कपाळामागील भागाला इजा झाली असेल तर माणूस आरंभशून्य होतो (आपणहून काहीच सुरू करत नाही) किंवा मनात आले ते बोलून मोकळा होतो. त्याला आळशी वा उद्धट ठरवले जाते. अशा वेळी वाद घालण्याऐवजी एका वेळी एकच सूचना द्यावी, आवाज व गर्दी कमी करावी, राग चढू लागताच विषय बदलून दहा मिनिटे एकटे सोडावे. मेंदूचा थकवा झोपेने पुरता जात नाही. अवघड काम सकाळी, वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडून करावे. स्मरणासाठी एकच वही ठेवावी, ती ठरलेल्या खुंटीलाच टांगावी, आणि औषध, भेटी, पैसे यांची पाने वेगळी करावीत. मोबाइलचा गजर जोडीला असावा. नवे काम शिकवताना ‘आठव बघू’ म्हणून चुकू देऊ नये. स्मृती क्षीण असलेल्याच्या मनात चूकच पक्की बसते. पायरी आधी दाखवून मग करवून घ्यावी. पुष्कळांचा वासही जातो. मग शिळा मासा आणि गळता गॅस कळत नाही. मासळी दुसऱ्याने पाहून घ्यावी.

झटके टाळणारे औषध पहिला आठवडा देण्याचा उद्देश लवकर येणारे झटके रोखणे हा असतो. त्याने पुढील वर्षांतील अपस्मार टळतो असे दिसत नाही. ज्यांना ते पुढे चालू ठेवले आहे त्यांनी आपणहून अचानक बंद केल्यास झटक्यांची मालिका लागू शकते. अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय माड चढू नये, होडीवर जाऊ नये, विहिरीवर एकट्याने उतरू नये, वाहन चालवू नये. दारू पूर्ण वर्ज्य.

स्वभाव पालटला की बाधा समजून देवाला गाऱ्हाणे घालण्याची, कौल लावण्याची चाल आहे. तिला विरोध करून कुटुंब दुरावते. कौल लावला तरी गोळी चुकणार नाही, एवढे ठरवून घेणे आशा कार्यकर्तीला जमते. शुश्रूषा करणारी बहुधा पत्नी वा आई असते; तिच्यासाठी १४४१६ ही ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा (२०२२ पासून) खुली आहे. आधारगटांची चळवळ ब्रिटन व अमेरिकेत साधारण १९८० च्या आसपास रुग्णांच्या घरच्यांनीच उभी केली.

प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत मेंदूच्या इजेचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे परिणामानुसार अर्ज करावा लागतो: लुळेपणासाठी चलनवलन, वाचाघातासाठी वाचा व भाषा, विचार-वर्तनातील बिघाडासाठी बहुधा मानसिक आजार. दोन प्रकार असतील तर टक्के नुसते मिळवत नाहीत. मोठा आकडा अ आणि लहान ब धरून अ + ब(९०−अ)/९० हे सूत्र लावतात. ४० व ३० टक्क्यांचे मिळून सुमारे ५७ होतात. फक्त हातपाय तपासून घेतले की बिघाड ४० टक्क्यांच्या मर्यादेखाली राहतो आणि सवलती हुकतात. म्हणून जिल्हा रुग्णालयातील मंडळापुढे जाताना घरी काय जमत नाही याची लेखी यादी, मानसोपचारतज्ज्ञाची नोंद आणि रुग्णालयातून सोडतानाचे कागद सोबत न्यावेत. त्यात दाखल होतानाचा ग्लासगो आकडा लिहिला आहे का, ते सुट्टी घेतानाच पाहावे.