परकीय भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास (नाशिक)

परकीय भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास म्हणजे बाहेरच्या देशातली एखादी भाषा, तिचं साहित्य, तिथला इतिहास आणि ती बोलणारी माणसं रोजच्या जगण्यात वागतात कशी हे सगळं विद्यापीठात पद्धतशीर शिकणं. बोलताना आपण सरळ "ती जर्मन करतेय" किंवा "त्याचं जॅपनीज एन-फोर झालं" (एन-फोर ही जपानीच्या परीक्षेची एक पातळी) एवढंच म्हणतो. पण क्लास लावून लेव्हल काढणं आणि डिग्री करणं हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि संस्कृतीचा भाग बहुतेक वेळा पहिल्या रस्त्यावर सुटतो.

नाशिकची बरीचशी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात (स्थापना 1949, आत्ताचं नाव 2014 पासून). विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग पुण्यात फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तिथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकता येतं, त्यामुळे इथली किती तरी पोरं पुण्यात रूम घेऊन राहतात.

नाशिकला हा विषय नवा मुळीच नाही. ओझरला 1964 मध्ये एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना आला तो मिग विमानांसाठी, म्हणजे थेट सोव्हिएत युनियनशी संबंध. सातपूरची मायको कंपनी जर्मन बॉशची, 2008 मध्ये तिचं नावच बॉश झालं पण चौकाला आपण अजून मायको सर्कलच म्हणतो. दिंडोरीकडे वाईनची द्राक्षं लागली आणि शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही फ्रेंच नावं शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआयवाली मुलंसुद्धा जर्मनची चौकशी करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे मराठी माणसाला या भाषा इंग्रजीतून शिकवतात हे मला पटतच नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं, डेर, डी, दास. इंग्रजीतून शिकणारा तिथेच अडकतो, पण आपल्याकडे तो, ती, ते आहेच की! जुळतं मात्र सगळं नाही, चमचा तो आणि जर्मन ल्योफेलपण डेर, पण काटा आपल्याकडे तो आणि तिकडे डी गाबेल, सुरी ती आणि तिकडे दास मेसर, त्यामुळे पाठांतर काही सुटत नाही. मुलगी म्हणजे मेडशेन, हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हटल्यावर वर्गात सगळे चक्रावतात, खरं तर तो '-शेन' लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द दास होतो. आपणही 'ते पोरगं', 'ते पिल्लू' म्हणतोच. एवढं सांगितलं की मुलांच्या कायमचं लक्षात राहतं. जर्मन झेडचा उच्चार तर आपल्या 'चाक'मधल्या च च्या अगदी जवळचा.

जपानीचं तर विचारूच नका, वाक्याचा क्रमच आपला. क्रियापद शेवटी, आणि प्रत्यय नामाच्या मागे. नाशिक नी इकिमास म्हणजे नाशिकला जातो, नाशिक कारा म्हणजे नाशिकहून. अवघड जाते ती कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रलिपी, जपान सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीतच 2136 चिन्हं आहेत.

संस्कृती म्हणजे सण, किमोनो आणि सुशी एवढंच समजू नये. समजा वर्गात फोनवरच्या बोलण्याचा सराव चाललाय, एक जण कंपनीतला आणि दुसरा बाहेरचा ग्राहक. ग्राहक कंपनीतल्या साहेबांना विचारतो, तानाका-सान आहेत का? (सान म्हणजे आपल्या 'साहेब', 'राव'सारखं नावामागे लावायचं आदराचं.) मराठी मुलगा आदराने सांगणार की तानाका-सान बाहेर गेलेत, कारण आपण साहेबांना कुणापुढेही अहो-जाहोच करतो. आणि तिथेच चुकतं. बाहेरच्या माणसाशी बोलताना साहेबसुद्धा 'आपल्यातले' होतात, म्हणून नावामागचं सान काढायचं आणि क्रियापद नम्र रूपात घ्यायचं. व्याकरण बरोबर असूनही बोलणं उर्मट वाटू शकतं ते असं, आणि हे शिकायला माणसांबरोबर बोलावंच लागतं.

परीक्षांमध्येही फरक आहे. जर्मनच्या गोएथे परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण चारही भाग असतात. जपानीची जेएलपीटी ही प्रावीण्य परीक्षा सोप्या एन-फाईव्हपासून सगळ्यात अवघड एन-वनपर्यंत, पण तिच्यात संभाषणाचा पेपरच नाही, त्यामुळे एन-थ्री हातात असून तोंड न उघडणारी मुलं भेटतात. ही परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, नाशिकची बरीच मुलं ती पुण्याच्या सेंटरवर देतात, म्हणून बरेच जण शनिवारीच कुणा नातेवाईकाकडे मुक्कामाला जातात, पिशवीत एचबी पेन्सिली, खोडरबर आणि हॉल तिकिटाच्या दोन झेरॉक्स, आणि सिन्नर, संगमनेर मागे पडेपर्यंत मोबाईलवर श्रवणाचा सराव चालू असतो.