हिरवळीचा जीव जमिनीलगत

पावसानं महिनाभर दडी मारली की हिरवळ आधी निळसर-राखाडी दिसू लागते, मग पिवळी पडते आणि शेवटी वाळक्या कडब्यासारखी तपकिरी होते. हिरवळ गेली असं समजून बहुतेक जण नळी तरी उघडतात, नाहीतर सगळं उपटायला घेतात. त्याआधी एक करून पाहा. गवताचा एक झुबका मुठीत धरून वर ओढा. अलगद हातात आला, तर तो मेलेला समजा. घट्ट धरून राहिला, तर खुरप्यानं मुळासकट काढा आणि वाळकी पानं एकेक सोलत आत जा. पानं आणि मुळं जिथं एकत्र येतात तिथं, अगदी मातीलगत, पांढरट टणक गाभा सापडेल. बोटांत दाबला तर तो पिचत नाही. गवत जिवंत असल्याची खूण तीच.

झाडाझुडपांचे वाढीचे कोंब शेंड्याला असतात. गवतानं ते बुडाशी ठेवले, म्हणूनच गुरांनी चरलं किंवा यंत्रानं कापलं तरी ते पुन्हा वाढतं. कोरड्या हवामानात हीच रचना कामी येते. पाणी संपत आलं की गवत पानांचा नाद सोडतं आणि उरलेली ओल व साठवलेली साखर गाभ्यासाठी राखतं. हरळीजवळ तर जमिनीवर सरपटणाऱ्या आणि जमिनीखालच्या अशा दोन्ही खोडांचा साठा असतो. शेतकरी तिला वैतागतो, कारण एक कांडी राहिली तरी तिच्या पेऱ्यातून ती पुन्हा उठते. हिरवळीसाठी तोच चिवटपणा आपल्याला हवा आहे.

गवताची जात निवडताना मात्र त्याच्या पानात काय चालतं हे माहीत हवं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की वाफेच्या रूपानं पाणी बाहेर जातं. थंड प्रदेशातल्या गवतांत कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं विकर उन्हाच्या तडाख्यात चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि केलेल्या कामाचा बराच भाग वाया जातो. ऊस, मका, ज्वारी आणि हरळी यांनी यावर वेगळी सोय केली आहे. पानातल्या शिरांभोवती पेशींचं एक कडं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या संयुगात बांधतात आणि त्या कड्यात नेऊन सोडतात. तिथं तो इतका दाटतो की रुबिस्कोची चूक जवळजवळ थांबते. मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करून १९६६ साली हा मार्ग मांडला. चार कार्बनवरून त्याला सी-४ म्हणतात. या वनस्पतींना रंध्रं कमी उघडून भागतं, त्यामुळे तेवढीच वाढ त्या बऱ्याच कमी पाण्यात करतात. हरळी, झोयशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या माळरानांवरचं बफेलो ग्रास ही सगळी सी-४ गवतं. फोटोंत दिसणारं मऊ, गर्द हिरवं थंड हवेचं गवत कोरड्या भागात लावणं मला चूकच वाटतं, मग ते कितीही देखणं असो.

आता पाणी. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. कडक ऊन, कोरडा वारा आणि मुबलक पाणी असेल, तर हिरवळीतून दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. १०० चौरस मीटरच्या हिरवळीचा हा रोजचा खर्च ६०० ते ८०० लिटर झाला! दुष्काळी भागात एवढं पाणी गवताला घालणं कुणालाच परवडू नये. हरळीला यापेक्षा बऱ्याच कमी पाण्यात हिरवं राहता येतं, पण त्यासाठी तिची मुळं खोल गेलेली हवीत.

इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. रोज संध्याकाळी पाच-दहा मिनिटं नळी फिरवली की वरची बोटभर माती भिजते, मुळं तिथंच घुटमळतात आणि दोन दिवस पाणी चुकलं की गवत कोमेजतं. भुसभुशीत, खोल जमिनीत हरळीची मुळं मीटरभराहूनही खाली जातात, पण खाली ओल असेल तरच. म्हणून एकदाच भरपूर पाणी द्यावं, वीतभर खोल मुरू द्यावं आणि मग थांबावं. पुढचं पाणी कधी द्यायचं हे गवतच सांगतं. त्यावरून चालून मागे वळून पाहा. पावलांचे ठसे तसेच राहिले आणि पानं दुमडून राखाडी दिसली, तर पेशींतला पाण्याचा दाब उतरला आहे, पाण्याची वेळ झाली. पाणी पहाटे द्यावं, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. चिकण मातीत पाणी वाहून जाऊ लागलं की तासभर थांबून उरलेलं द्यावं. नवी हिरवळ लावण्याआधी जमिनीत कुजलेलं खत मिसळलं असेल, तर वाफसा जास्त दिवस टिकतो. हे काम नंतर नीट करता येत नाही.

कापणीचं गणितही मुळांशीच जोडलेलं आहे. पान हे मुळांना अन्न पुरवणारं स्वयंपाकघर. ते फार खुरटं कापलं की मुळं आखडतात आणि उघडी पडलेली माती तापते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, उन्हाळ्यात यंत्राचं पातं वर उचलावं आणि कापलेलं गवत तिथंच पसरू द्यावं. नत्राचं खत तर कोरड्या दिवसांत टाकूच नये. त्यानं पानं जोमानं फुटतात आणि पाण्याची भूक वाढते. दाट सावलीत हरळी तग धरत नाही, तिथं पाचोळ्याचं आच्छादन बरं.

पाणी खरोखरच संपलं, तर हिरवळ झोपू द्यावी. दर तीन-चार आठवड्यांनी १२-१३ मिलिमीटर पाणी मिळालं तरी गाभा टिकतो. या काळात तिच्यावरून शक्यतो चालू नये, कारण चुरगळलेलं खोड भरून काढायला तिच्याकडे काही नसतं. आणि एक नक्की पाळावं. मध्येच मन द्रवून चार दिवस भरपूर पाणी देऊन पुन्हा बंद करू नये. कोंब फुटताना गाभ्यातली साखर खर्च होते, आणि पानं पुन्हा वाळली की ती भरून येत नाही. असं दोन-तीनदा झालं, तर मुठीत धरून ओढलेला झुबका अलगद हातात येतो.